बाटलीतला झरा
आमच्या कुरुळीचा ओढा ओलांडताना कारखान्यांतून सोडलेल्या थिनरचा वास आला की मला आफ्रिकेतल्या, मलावी देशातल्या एक आजी आठवतात. पदव्युत्तर शिक्षणाचा भाग म्हणून मी दोन वर्षं त्यांच्या गावी स्वयंसेवक होतो. गावकऱ्यांबरोबर तिथला झरा राखला आणि त्यावरच नैसर्गिक संसाधनांच्या व्यवस्थापनाची पदवी मिळवली. निघताना आजींनी झऱ्याचं पाणी बाटलीत भरून दिलं. म्हणाल्या, "तुझ्या गावच्या पाण्यात ओत, दोघांची ओळख होईल." परतल्यावर आईला घेऊन ओढ्यावर गेलो. काळ्या पाण्यावर फेस तरंगत होता. "वत की," आई म्हणाली, "एवढ्या मायेनं दिलंय तिनं." माझा हातच होईना. परवा आजींनी फोनवर विचारलं, "झाली का ओळख?" कपाटातल्या बाटलीकडे पाठ करून मी म्हणालो, "झाली."