ओळ लावायला गेलेला वेळ

नव्वदच्या दशकात उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या माळ्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. मी बुवापाड्याहून सायकल मारत येणारा जुना मास्तर, ती शिरगावहून येणारी नवी मॅडम. ज्याचं शिकवणं मुलांना कळेल त्याला रविवारची मोठी बॅच, असं मालकाने सांगून टाकलं होतं. ती बॅच मला हवी होती, आणि ही बाई कालची आलेली.

प्रोग्राम हळू का चालतो, हे मी फळा भरून भरून शिकवायचो. मुलं उतरवून घ्यायची आणि जांभया द्यायची. तिने काय केलं, तर कापडाच्या तुकड्यांना लावतात त्या नंबरच्या शंभरेक चिठ्ठ्यांचे दोन सारखे गठ्ठे खालच्या कारखान्यातून मागून आणले, वाटेल त्या नंबरचे. एका गटाला नुसता ढीग. दुसऱ्या गटाने क्रमाने ओळ लावून चिठ्ठ्या पालथ्या घातल्या. मग ती म्हणाली, "दोनशे त्र्याहत्तर शोधा!" ढीगवाले एकेक चिठ्ठी बघत बसले. ओळवाल्यांनी मधली उघडली, अर्धी ओळ सोडून दिली, उरलेल्यातली मधली उघडली, आणि सात चिठ्ठ्यांच्या आत नंबर हातात! पोरं नाचायला लागली. माझा नुसता जळफळाट झाला. माझ्या तासाला कधी कुणी साधं हसलंही नव्हतं.

तिला तोंडावर पाडायचं म्हणून मी दारातूनच विचारलं, "आणि ओळ लावायला वेळ गेला तो कोण मोजणार, मॅडम?"

ती थांबली आणि चक्क खूश झाली. "अरे हो, सर! हे माझ्या डोक्यातच नाही आलं. उद्या टायमिंग लावू या."

दुसऱ्या दिवशी ओळ लावायचा वेळही धरून घड्याळ लावलं. एकच नंबर शोधायचा होता तेव्हा ढीगवाले जिंकले. वीस नंबर सांगितल्यावर ओळवाले पुढे गेले. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे किती वेळा शोधायचंय ते आधी बघायचं." हेच मी तीन वर्षं फळ्यावर लिहीत होतो.

गलका ऐकून मालक वर आला. "ये घड़ीवाला गेम किसका आयडिया है?"

"सरांचा," ती म्हणाली. टोमणा नव्हता, तिला खरंच तसं वाटत होतं.

"तो संडे का बॅच आपका, मास्टरजी."

विचारलं कशासाठी होतं, ते मी सांगितलं नाही. बॅच घेतली, पुढे कित्येक वर्षं तिचेच खेळ खेळवले. पण भर वर्गात कुणी माझी चूक काढली की माझं तोंड वाकडं व्हायचं ते व्हायचंच. तिचं झालं नव्हतं. त्यासाठी मी तिच्यावर आजही जळतो.