लेकी यादीत, सुना गावात

कल्लहळ्ळीच्या सरकारी ज्युनिअर कॉलेजात ईरम्मा बडिगेर राज्यशास्त्र शिकवत. वडील सुतार, गावोगाव तिफणी करून देणारे. त्या घरातून दहावीपुढं गेलेली ही पहिलीच मुलगी. बोलणं तुटक. पण वर्गात कुणी न समजता मान हलवली तर त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

मतदानावर परिणाम करणाऱ्या घटकांचा धडा मुली दरवर्षी घोकत: वय, लिंग, शिक्षण, जात, रोजगार. पाच घटक, पाच गुण. त्या वर्षी ईरम्मांनी पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर गावच्या केंद्राचे आकडे लिहिले: मागच्या खेपेला शंभरातल्या एकाहत्तर पुरुषांनी मत दिलं, बायकांनी अठ्ठावन्न.

“असं का?”

दुरुगम्मा लगेच उठली. वर्गातली सगळ्यात हुशार आणि तितकीच उतावळी. “बायकांना राजकारणात रस नसतो, मिस. शिवाय अडाणी जास्त.”

“कुणी सांगितलं?”

“पुस्तकात आहे.”

“पुस्तक लिहिणारा आपल्या गावात आला होता का? जा, विचारून या. मत कुणाला दिलं ते विचारायचं नाही. दिलं का, आणि नसेल तर का नाही, एवढंच.”

चारशे बारा बायकांची छापील मतदारयादी घेऊन बारा मुली तीन रविवार दारोदार फिरल्या. पहिल्याच दिवशी पुस्तक खोटं पडलं. अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्या तर सकाळी सातलाच रांगेत उभ्या होत्या. “मी अजून मेले नाही, हे सरकारला पाच वर्षांतून एकदा दाखवायला नको?” एक आजी म्हणाली.

यादीत मत न दिलेल्या होत्या त्या विशी-पंचविशीतल्या. दुरुगम्मानं एका दारात नाव वाचलं, “रत्नव्वा, वय चोवीस.”

“ती कुठली इथं? तिकडं हुनगुंदला नांदतेय,” आई म्हणाली. “चार वर्षं झाली लग्नाला.”

चुलीपाशी भाकरी थापणारी सून हळूच बोलली, “आणि माझं नाव माहेरी आहे. तिकडं जायला बसला अर्धा दिवस जातो.”

दुरुगम्मा वहीत लिहायची थांबली. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाली, “मिस, गावच्या लेकी यादीत आहेत पण गावात नाहीत. सुना गावात आहेत, पण यादीत नाहीत. रसाचा प्रश्नच नाही.”

लग्नानंतर नऊ वर्षं ईरम्मांनी स्वतःही मत दिलं नव्हतं, आणि तो आपलाच आळस असं त्या समजत आल्या होत्या. हे त्यांनी मुलींना सांगून टाकलं.

मग यादीतलं नाव सासरच्या गावी हलवायचे अर्ज भरणं सुरू झालं. एका सासूनं मुलींना ओट्यावरच अडवलं. “नाव इकडं आणलं की उद्या घरात वाटा मागेल.”

“वाट्याचा कागद वेगळा असतो, अव्वा,” मुलींसोबत आलेल्या ईरम्मा म्हणाल्या. “हा मताचा आहे. आणि सून तुमच्या घरची, मग तिचं मत दुसऱ्या गावाला का?”

सासू पुटपुटत आत गेली आणि सुनेचं आधारकार्ड घेऊन आली.

एकसष्ट लेकींची नावं सासरच्या यादीत गेली. त्रेचाळीस सुनांची इथं आली. पुढच्या निवडणुकीत त्या केंद्रावर शंभरातल्या चौऱ्याहत्तर बायकांनी मत दिलं. पुरुष होते तिथंच राहिले. तालुक्याचे साहेब कॉलेजात आले, ईरम्मांना हार घातला, म्हणाले, “या मुलींनी मतदान सोळानं वाढवलं.”

टाळ्या थांबल्यावर दुरुगम्मा उभी राहिली.

“साहेब, सोळा नाही. लेकींची नावं नुसती काढली असती तरी एकही मत न वाढता आकडा अडुसष्टवर गेला असता. सोळातली दहाची वाढ यादी नीट झाल्याची. मत देणाऱ्या बायका खरंच वाढल्या त्या बावन्न जणी.”

साहेबांनी ईरम्मांकडं पाहिलं. प्राचार्य खाली मान घालून बसले.

ईरम्मांनी तिला बस म्हटलं नाही. “पुढं सांग,” त्या म्हणाल्या, “त्यांना फळ्यावर मांडून दाखव.” दुरुगम्मा खडू घेऊन फळ्याकडं निघाली, आणि ईरम्मांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला, मान वळवून नीट पाहता यावं म्हणून. सव्वीस वर्षं शिकवून त्यांना जे हवं होतं ते आता समोर उभं होतं: स्वतःच्या कौतुकाचा हिशेबही तपासून पाहणारी पोर.