पाय टेकायचा नाही

मोटरसायकलवरून जाणाऱ्या माणसाला कोणी काही विचारत नाही. सायकलवाल्याला मात्र सगळेच थांबवतात. गुराखी थांबवतो, शेतातली बाई थांबवते, कुत्रं तर थांबवतंच. म्हणून सायकलवाल्याकडे किस्से साचतात. माझं मंगरूळपीरला मेडिकल स्टोअर आहे. तिथली औषधं मी मुदतीच्या आत विकतो, पण हे किस्से पडूनच आहेत. ते आता खपवतो.

आम्ही चौघं. मी, बँकेत काम करणारा गजानन, झेडपीच्या शाळेतल्या प्रमिला मॅडम आणि एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर वामनकाका. रोज सकाळी गावाबाहेर पाटाचा रस्ता धरायचा आणि टेकड्यांमधल्या तलावापर्यंत जाऊन यायचं. हा कालव्याच्या काठचा रस्ता. तोंडाशी लोखंडी आडवा बार लावलेला, त्यामुळे गाड्या बंद. सायकल तेवढी खालून सरकते. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला तूर, समोर डोंगर. हॉर्न म्हणून नाही!

* * *

असल्या रस्त्यावर वामनकाका वळण आलं की हात दाखवतात. पूर्ण हात, खांद्यापासून. थांबायचं असलं तरी आधी हात, मग मागे बघणं, मग ब्रेक.

एकदा गजानन म्हणाला, "काका, तासाभरात आपल्याला एक म्हैस भेटली फक्त. कोणासाठी हात दाखवता?"

काका म्हणाले, "मागं कोणी नसते ना, गड्या, तवाच कोणीतरी येते. तीस वर्षं एसटी चालवली मी. तू मले शिकवतं का?"

गजाननने हसत, हात न दाखवताच ब्रेक दाबला आणि त्याच्या मागच्या चाकावर प्रमिला मॅडम आदळल्या!

* * *

गजाननची सायकल एकवीस गिअरची. अंगात चिकटणारा टी-शर्ट, डोक्याला हेल्मेट, पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी थेट तोंडात. पहिल्या दिवशी त्याला पाहून काकांनी मला हळूच विचारलं होतं, "यायले सलाईन काहून लावली?"

एकदा चढावर गजानन खटखट गिअर बदलत होता. मागून एक दूधवाला आला. जुनी काळी सायकल, दोन्ही बाजूंना भरलेल्या कॅन, पायात स्लिपर, तोंडात गाणं. आम्हाला मागे टाकून तो पुढे गेला, मग काय वाटलं कोण जाणे, थांबला.

"काय झालं भाऊ? गेर पडून नाही राह्यले का?"

"पडतात ना! एकवीस आहेत!" गजानन धापा टाकत म्हणाला.

दूधवाल्याने मान डोलावली. "एवढे असले की गोंधळ होणारच. माह्या सायकलले एकच हाय, म्हणून सापडते."

* * *

रविवारी आम्ही जरा लांब जातो. एकदा मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. थंडी म्हणून चौघांनी डोक्याला पांढरे रुमाल बांधलेले. दमल्यामुळे कोणी बोलत नव्हतं. अंगणात चूल पेटवणाऱ्या एका म्हातारीने आम्हाला येताना पाहिलं आणि ती उठून उभीच राहिली.

"कोनाच्या मातीले चालले बाप्पा?"

प्रमिला मॅडमनी घाईने सांगितलं, "नाही हो आजी, कोणी वारलं नाही. असंच फिरायला."

"फिराले? सायकल चालवून?"

"सायकल चालवून."

"कुठून?"

"मंगरूळपीरहून."

म्हातारीने हातातली काटकी चुलीत सारली. दर साली हंगामाला या तांड्यावरची माणसं ऊसतोडीला पार पश्चिम महाराष्ट्रात जातात, अंगमेहनत म्हणजे काय हे तिला आमच्याकडून शिकायचं नव्हतं. तिने सुनेला हाक मारली.

"चहा ठेव वं. यायले घरी कोनी काम सांगत नाही वाटते!"

चहा मात्र असा दिला की तसा पुन्हा कुठे मिळाला नाही.

* * *

आणि उडदाचा किस्सा. भादव्यात पाटाच्या रस्त्यावर पन्नासेक फूट उडीद पसरलेला. बाजूला एक शेतकरी डोक्याला हात लावून बसलेला. आमच्याकडे डांबरी रस्त्यावर पीक टाकतात, वरून गाड्या गेल्या की शेंगा फुटतात, मळणी आपोआप होते. आम्ही सायकली उचलून कडेने जायला लागलो, तर हा ओरडला, "उतरून नका राहू! वरून जा, वरून!"

"शेंगा फुटतील ना?" गजानन म्हणाला.

"फुटूच द्या ना भाऊ! मोठ्या रस्त्यावर टाकलं तं गाड्यावाले शिव्या देतात, म्हणून इकडं आणलं. दोन दिवसापासून बसून हाय, एक गाडी नाही! हा कसला रस्ता हाय?"

दया आली. चौघं उडदावरून गोल गोल फिरायला लागलो. काकांनी लगेच ताबा घेतला. कोणी कुठून वळायचं, कोणी कोणाला साइड द्यायची, सगळं ठरवून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या रस्त्यावर ट्रॅफिक झाली!

दहाव्या फेरीला गजानन म्हणाला, "दादा, माझे टायर पातळ आहेत. माझ्याने काही होत नाहीये."

शेतकऱ्याने वाकून टायर बघितलं. "पतले हाय तं तुमी चार चक्कर जास्त मारा."

* * *

आता खरी गोष्ट. वामनकाकांची सायकल माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, पडद्याआड, खोक्यांच्या मागे उभी असायची. कारण घरी काकूंना ठाऊकच नव्हतं की काका सायकल चालवतात. त्यांना वाटायचं, ते चालायला जातात.

त्याचं असं झालं, रिटायर झाल्यावर वर्षभरात काकांची अँजिओप्लास्टी झाली. त्यानंतर काका घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून जे बसले ते बसलेच. बोलणं कमी, जेवण कमी. जाणाऱ्या बसकडे बघायचे आणि "लेट हाय" एवढंच म्हणायचे. मला ते बघवायचं नाही. पुढे डॉक्टरांनीच सांगितलं, हळूहळू सायकल चालवली तरी हरकत नाही. पण काकूंच्या कानात 'हार्ट' हा एक शब्द बसला होता, त्यापुढे डॉक्टर बोलले ते त्यांनी ऐकलंच नाही. म्हणून ही चोरी. आठ महिन्यांत काका पुन्हा माणसात आले. ही सायकल गेली तर काका परत त्या खुर्चीत जाणार, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

एक दिवस काकू गोळ्या न्यायला दुकानात आल्या. पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "सुधीरभाऊ, एक सांगा. हे रोज दीड तास चालतात. आठ महिने झाले, चप्पल आहे तशीच हाय. घासली बी नाही."

"चांगल्या कंपनीची असेल," मी म्हणालो.

"असंन. अन् पायजम्याच्या उजव्या पायाले खाली काळं ऑइल लागते. रोज धुते मी. चालणाऱ्या माणसाले चेन असते का हो?"

मी गोळ्या मोजत राहिलो. काकू काउंटरच्या आत आल्या, पडदा बाजूला केला, खोकी बघितली, खोक्यांमागे बघितलं. सायकलच्या चेनला बोट लावलं आणि ते काळं बोट मला दाखवलं.

मला वाटलं, झालं! पण काकूंनी रागावण्याऐवजी शर्त घातली. पाटाच्या रस्त्याच्या शेवटी तलावाच्या भिंतीवर चढणारा एक चढ आहे. लांब नाही, पण छातीवर येतो. काकांनी कधीतरी स्वतःच घरी त्याचं वर्णन करून ठेवलं होतं, चालत चढतो म्हणून!

"माह्यासमोर तो चढ चढून दाखवा म्हणा. मधात पाय टेकला तं सायकल भंगारात. नाही टेकला तं मी जन्मात काही म्हणणार नाही."

त्या चढावर काका दर वेळी अर्ध्यात उतरतात. खरं सांगायचं तर मीही उतरतो.

* * *

रविवारी सकाळी काकू पलीकडच्या गावावरून ऑटोने चढाच्या पायथ्याशी आल्या. पदर कमरेला खोचलेला, मुठीत जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी. आल्या आल्या त्यांनी आम्हा तिघांना वर पिटाळलं. "तुमी वर जाऊन उभे राहा. शाब्बास-शाब्बास करायचं काम नाही."

आम्ही भिंतीवर जाऊन उभे राहिलो. मागे तलाव होता, पण त्या दिवशी त्याच्याकडे कोणी बघितलं नाही.

काका निघाले. मागून दहा पावलांवर काकू पायी. सुरुवात काकांनी चांगली केली. घाई नाही, एकसारखं पॅडल. पळसाच्या झाडापर्यंत आले आणि हँडल हलायला लागलं. सायकल डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग जवळजवळ थांबलीच. काकांचा डावा पाय पॅडलवरून सुटला आणि खाली लोंबायला लागला. जमीन वीतभर राहिली असेल. "गेलं," गजानन म्हणाला.

तेवढ्यात काकू धावल्या. साठीच्या काकू! चार ढांगांत त्यांनी अंतर कापलं, कॅरिअरला हात लावला आणि खांदा देऊन रेटा दिला.

काकांचा पाय परत पॅडलवर गेला. काकांनी मागे वळून बघितलं नाही. सायकल चालायला लागली. काकू वाकून, एका हाताने साडी धरून, दुसऱ्या हाताने कॅरिअर ढकलत राहिल्या. शेवटच्या वळणावर, वर पोचायच्या जरा आधी, त्यांनी हात काढून घेतला.

काका भिंतीवर पोचले, सायकलवरून उतरले आणि तिथे कधी नव्हे ते लहान पोरासारखे हसले. मागून काकू आल्या. गुडघ्यांवर हात ठेवून उभ्या राहिल्या. धाप लागली होती.

गजाननने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. प्रमिला मॅडमनी त्याच्या बुटावर बूट ठेवला.

"पाह्यलं?" काका म्हणाले. "टेकला का पाय?"

काकूंनी श्वास घेतला. पदराने कपाळ पुसलं.

"नाही टेकला," त्या म्हणाल्या.