गमछा भेटला नाही म्हणून

पोट्टेहो, मी एक लबाडी केली. कामठीच्या म्हाताऱ्या विणकरानं साध्या टपालानं धाडलेला गमछा मले भेटला, तरी ‘भेटला नाही, दुसरा पाठवा’ असं मी त्याले लिहिलं.

आज सकाळी त्याचं कार्ड आलं. ‘बरं झालं बापू. त्या गमछ्याच्या रंगानं अंगाले खाज सुटते.’

मी तर तोच गळ्यात घालून बसलो होतो. लगेच मानेले खाज सुटली. तसाच बसनं कामठीले गेलो न गमछा त्याच्यासमोर आपटला.

म्हातारा हसला. “रंग चांगला हाय गा. रजिस्टरीनं धाडणं मले परवडत नाही, म्हणून ‘भेटला नाही’ म्हणणाऱ्याले असं कार्ड टाकतो. ज्याले भेटला, तो येतेच.”

काय डोकं हाय राजेहो.

हे कोणाले सांगू नका, हात जोडतो. त्याच्यापाशी दुसरा इलाज नाही.