परत आलेलं प्रस्थान

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही. तुम्हीच काहीतरी सांगा.

पुढच्या आठवड्यात मी मामेभावाकडे फ्रान्सला निघतोय. तिथून झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घेऊन आम्ही दोघं ऐन थंडीत डोंगर ओलांडून स्पेनला जाणार आहोत. आईने परवा चांगला दिवस पाहून माझं प्रस्थान ठेवलं. तांदूळ, सुपारी आणि माझा रुमाल बांधून पश्चिमेकडच्या शेजारी, आक्काच्या घरी. निघताना मी ते तिथून उचलायचं, म्हणजे प्रवास त्या चांगल्या दिवशीच सुरू झाला असं धरतात.

आज आक्का ती पुरचुंडी घेऊन दारात आली.

"चकलांब्याला चालले, लेकीचं बाळंतपण हाय. बंद घरात उंदरं कुरतडतील म्हणून आणली."

आईचा चेहरा पांढरा पडला.

"कावून गं, काय झालं?" आक्काने विचारलं. प्रस्थान असं परत घरी येणं म्हणजे अपशकुन, आईने पुरचुंडीला हातही लावला नाही.

मी हसलो. असलं काही मी मानत नाही. तेवढ्यात मामेभावाचा फोन आला. मी विचारलं, बर्फासाठी चाकांच्या साखळ्या घेतल्या का?

"बघू की बे! काल घाट बंद होता. रात्री निघू, कोणी अडवत न्हाई. तू लई भितोस."

मग मला हसू आलं नाही.

पुरचुंडी अजून उंबऱ्याबाहेर आहे. आई ती आत घेत नाही. तिला वाटतं, मी पुरचुंडीला घाबरलोय. साखळ्यांचं मी तिला सांगितलेलं नाही. मला गाडी चालवता येत नाही, चालवणार तोच आहे.

तुम्ही गेला असता का?