अण्णांचा भोकाचा पैसा

माझ्या नवऱ्याला माझं बहुतेक सगळं माहीत आहे. मी झोपेत बडबडते, भांडणात आधी रडते, वजनकाट्यावर चप्पल काढून चढते. हे मात्र माहीत नाही. हे कुणालाच माहीत नाही — सहा वर्षं झाली. तुम्हाला सांगतेय, कारण उद्या मुलुंडच्या बाजारात आपण समोरासमोर आलो तरी तुम्ही मला ओळखणार नाही.

नोकरी विमा कंपनीत, आणि हौस जादूची. स्टेजवरची नाही, बोटांची — समोर हातभर अंतरावर माणसं बसवून करायची. वाढदिवस, डोहाळजेवण, हळदीकुंकू, कुणी बोलावलं की मी निघाले. आणि मला एक ताठा होता. पेटी घेऊन येणाऱ्या जादूगारांना मी नाक मुरडायची. स्वतःच्या सामानावर काय, कुणीही करील! मी हात हलवत जायची. अंगठी तुमची, रुमाल तुमचा, नाणं तुमचं. "माझं काही नाही हं, सगळं तुमचंच," हे माझं ठरलेलं वाक्य. बायका खूश व्हायच्या.

तेच खोटं होतं. प्रत्येक कुर्त्याला मी शिंप्याकडून उजवीकडे एक जास्तीचा खिसा शिवून घ्यायची. तो काय रुमालासाठी?

दोरीचा एक प्रयोग मला फार आवडायचा. त्याला जुना भोकाचा पैसा लागतो. पैसा दोरीत ओवायचा, दोरीची टोकं दोघांच्या हातात द्यायची, वर रुमाल टाकायचा आणि पैसा मोकळा करून दाखवायचा. कसा? आता लपवून काय करू? रुमालाखाली पैसे दोन असतात. टोकं नीट धरायला लावण्याच्या निमित्ताने तुमचा पैसा मी सरकवून मुठीत घेते, आणि दोरीवर नुसता अडकवलेला असतो तो माझा. तो काढायचा, आणि परत देता देता अदलाबदल करायची — तुमचा तुमच्या हातात, माझा खिशात. ही शेवटची अदलाबदल म्हणजे माझं इमान होतं. बाकी सगळी फसवाफसवी चालेल, पण ज्याचं उसनं घेतलं त्याचं तेच परत जायला हवं. असं मी मानायची. मानायची म्हणजे — तोवर वेळ आली नव्हती.

गायकवाड अण्णा आमच्याच मजल्यावर राहायचे. त्यांची वैशाली माझी लहानपणापासूनची मैत्रीण. ती बाळंतपणाला माहेरी आली, मुलगा झाला, आणि बारसं अण्णांच्या घरीच ठरलं. दुपारची वेळ. त्रिशरण-पंचशील झालं, नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि वैशाली म्हणाली, "मीनल, कर ना गं काहीतरी तुझं." मी नेहमीचं वाक्य म्हटलं आणि गंमत म्हणून विचारलं, कुणाकडे भोकाचा पैसा आहे का? कधीच नसतो. मग मी माझ्याच दोनांतला एक ‘इथेच सापडला बघा’ म्हणून पुढे करते आणि हसून वेळ मारून नेते.

अण्णांनी हात वर केला.

सदऱ्याच्या खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली. त्यांच्या आईने गावी त्यांच्या करदोट्यात बांधलेला तो पैसा. पुढे वैशालीच्या कमरेला होता, आणि आज नातवाच्या बांधायचा म्हणून मुद्दाम काढून ठेवलेला. भोकाच्या आतल्या कडेला एका जागी दोऱ्याने झिजून खाच पडली होती. "अंगठा फिरव बघ," अण्णा म्हणाले. "आईचा दोरा लागलाय तिथं."

मी फिरवला. लागली खाच अंगठ्याला. तिथेच थांबायला हवं होतं ना? कुणाच्या आईच्या वस्तूवर हात चालवायचा नसतो, हे काय मला कळत नव्हतं? पण मला आनंद झाला होता. पहिल्यांदाच खरोखर दुसऱ्याचा भोकाचा पैसा माझ्या हातात होता.

दोरीचं एक टोक अण्णांच्या हातात, दुसरं वैशालीच्या सासूबाईंच्या. सगळं झकास झालं. अण्णांचा पैसा माझ्या मुठीत आला, दोरीवर माझा राहिला. मी रुमाल उचलला आणि हात पुढे करणार, तेवढ्यात अण्णाच म्हणाले, "थांब थांब, मी काढतो." आणि काढला. लहान मुलासारखे हसले. टाळ्या पडल्या.

"बघू अण्णा" — एवढे दोन शब्द. घेतला असता, फिरवला असता, परत दिला असता. पण वैशालीचा दीर सुरुवातीपासून माझ्या मागे लागला होता, "अरे, खिसा बघा हिचा, खिसा!" पुन्हा हात घातला असता तर त्याने पकडलंच असतं. मग माझ्या त्या वाक्याची वाट लागली असती. मी हसले, वाकून नमस्कार केला, आणि मूठ खिशात मोकळी केली. म्हटलं, जेवताना बदलू.

तेवढ्यात वैशाली बाळाला घेऊन आली. "द्या ना अण्णा, बांधते." अण्णांनी पैसा धरला आणि भोकातून अंगठा फिरवला. एकदा. मग पुन्हा, सावकाश. मग माझ्याकडे पाहिलं — तोंडाकडे नाही, माझ्या उजव्या हाताकडे. खोलीभर माणसं होती. अण्णांनी पैसा कागदात गुंडाळला आणि खिशात टाकला.

"राहू दे," ते म्हणाले. "हा दोरा बारीक आहे. नंतर बांधू."

बाळाच्या कमरेला नुसता काळा दोराच राहिला.

त्यांना कळलं होतं. आणि त्यांना कळलंय हे मला कळलं होतं. तरी घरी येऊन मी स्वतःला काय काय समजावलं — म्हातारं माणूस, लहर आली असेल, खाच विसरले असतील. पुढची सहा वर्षं अण्णा जिन्यात भेटले की भाजीची पिशवी खाली ठेवून थांबायचे. "काय मीनल, काही विशेष?" आणि वाट बघायचे. खरंच वाट बघायचे. मी म्हणायची, काही नाही अण्णा, तुमचं काय? ते पिशवी उचलायचे. एका शब्दाने त्यांनी कधी मला उघडं पाडलं नाही, वैशालीकडेसुद्धा नाही. त्यांचा पैसा पाकिटात घालून दाराखालून सरकवायला किती पावलं होती? बारा. मी मोजली आहेत. पण सरकवलं असतं तर हिचंही सामान असतं हे कबूल झालं असतं. एवढ्यासाठी. एवढ्याशा फुशारकीसाठी मी एका आजोबाला नातवाच्या कमरेला आईचा पैसा बांधू दिला नाही. पहिला महिना लाज वाटत होती. वर्षाने तीही सवयीची झाली.

यंदा दिवाळीनंतर अण्णा गेले. वैशाली बोरिवलीहून घर आवरायला आली, चार दिवस राहिली. जायच्या दिवशी दार वाजवून तिने माझ्या हातात ती कागदाची पुडी ठेवली.

"अण्णांनी शेवटी शेवटी दोनदा सांगितलं, हा मीनलचा आहे, तिला परत दे. मी म्हटलं, अहो हा तर आजीचा. तर म्हणाले, नाही, तिचाच. काय गं हे?"

माझा पैसा अण्णांनी सहा वर्षं सांभाळला होता. उसना घेतलेला असावा तसा.

मी पुडी उघडली. भोकातून अंगठा फिरवला. सगळीकडून गुळगुळीत. अण्णांचा पैसा आतल्या खोलीत कपाटात होता, बारा पावलांवरसुद्धा नव्हता. वैशाली वाट बघत उभी होती — अगदी अण्णांसारखी, पिशवी खाली ठेवून.

"हो," मी म्हटलं. "माझाच आहे."

ती गेली. आता दोन्ही एकाच डबीत आहेत. डोळे मिटून सांगू शकते, कुठला कुणाचा.