सिस्टरबाईंचा गळका मांडव

आंधळगावात मिल्काबाईंना सगळे सिस्टरबाई म्हणतात. दवाखान्यातली नोकरी कधीच संपली, पण अर्ध्या गावाची बाळंतपणं केलेल्या बाईला गाव सोडून जाऊ देतं होय? मूळच्या त्या अलिबागकडच्या, बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. नवऱ्याच्या मास्तरकीपायी इकडे आल्या आणि तो गेल्यावरही इथेच राहिल्या.

बरं, बाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. भंडाऱ्याला नि तुमसरला नोकरीसाठी आलेली तीन तरुण ज्यू कुटुंबं त्यांनी हुडकून काढली. त्यांच्या पोरांचा सण म्हणजे ठाण्याच्या आजीशी मोबाइलवर दोन शब्द. "सण काय फोनवर होतात?" म्हणत बाईंनी सगळ्यांना आपल्या अंगणात जमवायला सुरुवात केली.

आता मांडवांचा सण आला होता. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटलेले पूर्वज रानात झोपड्या घालून राहिले, त्याची ही आठवण. मांडवाखाली बसून जेवायचं, आणि वरच्या पानापेंढ्यातून आभाळ दिसलंच पाहिजे. नाही दिसलं तर तो मांडव सणाचा नव्हेच. नवरा गेल्यापासून बाईंच्या अंगणात मांडव पडला नव्हता. यंदा पडणार, त्यातून चांदण्या दिसणार, असं त्यांनी पोरांना छातीठोक सांगून ठेवलं होतं.

सकाळी शेजारच्या खुशालला मांडवाचं काम सांगून बाई खिरीसाठी नारळ आणायला तुमसरला गेल्या. आभाळाचं सांगायचं मात्र राहून गेलं. नवरा मांडव स्वतः घालायचा, त्याला कधी सांगावं लागलं नव्हतं ना.

परत येऊन बघतात तर बांबूंवर भाताच्या तणसाचा वीतभर जाड थर, वर पळसाची पानं, दोरीने घट्ट आवळलेली. खुशाल घाम पुसत उभा. "बाई, कितीबी पानी येऊ द्या. एक थेंब टपकला तं नाव बदलीन."

या मांडवात प्रार्थना चालणार नव्हती. पण माणूस दिवसभर उन्हात राबलेला, त्याला कुठल्या तोंडाने म्हणणार की मोडा हे? "छान झालंय," एवढंच त्या बोलल्या आणि नारळ खवायला बसल्या.

ऊन उतरलं, कुटुंबं आली. तुमसरची छोटी टीना सरळ चटईवर आडवी झाली. "आजी, आभाळ कुठंय?" बाई दिव्यांकडे वळल्या. सूर्य बुडायच्या आत दिवे लावायचे होते, आणि एकदा सण लागला की छताला हात लावता येत नाही.

तेवढ्यात खुशालची बायको धुरपता दुधाचं भगोनं घेऊन आली. त्या रात्री कोजागिरीही होती. "बाई, दूध तुमच्याच मांडोत ठेवू काय? सगळे मिळून पिऊ."

"येडी झाली काय," खुशाल म्हणाला. "इथं दुधात चंद्र कायचा पडते?"

आता मात्र बाईंना राहवलं नाही. "खुशालभाऊ, आम्हालाही आभाळ लागतं हो. त्याशिवाय आमचा सण होत नाही."

खुशालचा चेहरा उतरला. "मंग मले सांगतलं काहून नाई?"

"तुमच्या कामाला नाव ठेवायचं जिवावर आलं."

तो शिडी लावून वर चढला आणि दोऱ्या सैल करून तणस ओढू लागला. "आजवर एवढी छतं घातली," तो वरून पुटपुटत होता, "गळकं पयल्यांदाच करून राहिलो." पडणाऱ्या पेंढ्या झेलायला पोरांची झुंबड उडाली. वर विरळ पानं तेवढी उरली आणि बाईंनी दिवे लावले.

जेवणं होईतो चंद्र वर आला. तो धुरपताच्या दुधात पडला, टीनाच्या नाकावरही पडला. इतक्या वर्षांनी बाई मांडवात बसल्या होत्या, त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"आजी, पुढच्या वर्षी मांडव कोण घालणार?" टीनाने विचारलं.

बाईंच्या आधी खुशालच बोलला. "मीच. पन बाई, पुढच्या बारीले पयलेच सांगजा, किती गळकं पाह्यजे ते."